भरमार जमा होईल, आधी लेखी हमी द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी, गडचिरोली
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी, चंद्रपूर



रस्ता, धान खरेदी, वनहक्काचा दावा अशा कामांसाठी लोक आपल्याकडे जिल्हाधिकारी म्हणून येतात. माझं काम आपल्या दुसऱ्या पदाशी, जिल्हादंडाधिकारी या पदाशी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३९ प्रमाणे विनापरवाना बंदूक बाळगल्याचा खटला आपल्या पूर्वमंजुरीशिवाय भरता येत नाही. बंदूक पोलीस जप्त करतात, माणसाला पोलीस अटक करतात, तपासही तेच करतात. पण हा खटला व्हावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार संसदेने आपल्या टेबलावर ठेवला आहे. मंजुरीचा कागद नसेल तर तो खटला टिकत नाही. या एका अधिकाराबद्दल मी जाहीरपणे लिहितो आहे, कारण तो ज्यांच्या आयुष्यावर चालतो त्यांच्यापैकी फार थोड्यांना तो आहे हे माहीत असतं.

विषय भरमार बंदुकीचा आहे. भामरागड, एटापल्ली, अहेरी, धानोरा, कोरची इथे आणि चंद्रपूरकडच्या जंगलपट्ट्यातही भरमार म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. ठासणीची, एका वेळी एकच बार काढणारी बंदूक. आजाने कधीतरी घेतलेली, मग बापाकडे आलेली. तिच्यावर कारखान्याचं नाव नाही, क्रमांक नाही, घरात कागद नाही. धान निसवायला लागला की बांधीवर जागल करणारा माणूस ती सोबत ठेवतो. तिने रानडुक्कर हाकलतो, कधी मारतो, आणि खरं सांगायचं तर चितळ-सांबरही मारतो.

ती निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. रात्री झुडपात हालचाल दिसली म्हणून झाडलेला बार सोबत्याला लागू शकतो. जुनी नळी फुटून झाडणाऱ्याचाच हात जाऊ शकतो. गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या जंगलात तृणभक्षी प्राणी विरळ झाले, त्यात शिकारीचा वाटा आहे. ज्या कोलामार्काच्या रानात महाराष्ट्रातल्या शेवटच्या रानम्हशी उरल्या आहेत, तिथे एकही बेहिशेबी बंदूक असू नये असंच कुणालाही वाटेल. म्हणून भरमार राहू द्या, अशी माझी मागणी नाही. ती घराबाहेर निघाली पाहिजे. ती कशी निघेल, आणि काढून देणाऱ्या माणसाचं पुढे काय होईल, एवढाच प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी मांडतो. कलम ३ प्रमाणे कोणतंही अग्निशस्त्र परवान्याशिवाय बाळगता येत नाही. अग्निशस्त्राची व्याख्या स्फोटकाच्या जोराने काहीही फेकणाऱ्या प्रत्येक हत्याराला लागू होते, त्यामुळे भरमारही त्यात येते आणि एके-४७ ही. नुसती भरमार बाळगल्याची शिक्षा पूर्वी एक ते तीन वर्षं होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान दोन आणि कमाल पाच वर्षं झाली, शिवाय दंड. पुरेशी आणि विशेष कारणं निकालपत्रात नोंदवून न्यायाधीश दोन वर्षांहून कमी शिक्षा देऊ शकतात; ही एक फट कायद्याने ठेवली आहे. पण तिथवर पोचेपर्यंत आरोपीने अटक, जामीन आणि कित्येक तारखा भोगलेल्या असतात. सिरोंचाहून गडचिरोलीचं अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तारखेला येणं म्हणजे मजुरी बुडणं, मुक्काम, आणि भाषा न कळणाऱ्या कोर्टात दिवसभर बसून राहणं.

याहून मोठी अडचण कलम ५ मध्ये आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. विनापरवाना शस्त्र बनवणं, विकणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं, हे सगळं त्या कलमाने एकाच ओळीत बसवलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याच ओळीत शस्त्र मिळवणंही आलं. आणि शिक्षा? पूर्वी तीन ते सात वर्षं होती. आता कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. इथे विशेष कारणं नोंदवून शिक्षा कमी करण्याची फटही नाही. कलम ३९ ची आपली पूर्वमंजुरी फक्त कलम ३ च्या गुन्ह्याला लागते, कलम ५ च्या गुन्ह्याला नाही. म्हणजे नांगराचा फाळ ठोकून देणाऱ्या गावच्या लोहाराने शेजाऱ्याच्या भरमारचा अडकलेला घोडा पायलीभर धानावर मोकळा करून दिला, तर कायद्याच्या भाषेत तो शहरात कट्टे बनवून टोळ्यांना पुरवणाऱ्याच्या रांगेत उभा राहतो. त्याच्यासाठी आपल्या दारातही थांबण्याची सोय नाही.

२०१९ ची दुरुस्ती कुणाला डोळ्यांसमोर ठेवून झाली हे उघड आहे. गावठी कट्ट्यांचे कारखाने, राज्याराज्यांतून चालणारी तस्करी, लग्नात हवेत गोळ्या झाडण्याची मस्ती. त्या दुरुस्तीला माझा विरोध नाही. चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळसा पट्ट्यात कट्ट्याने काय केलं आहे ते आपण पाहिलं आहे. २०२४ च्या पावसाळ्यात भर वस्तीत गोळीबार झाले. कट्टा खिशात मावतो, विकत घेतला जातो, माणसावर रोखण्यासाठीच घेतला जातो. त्यामागे पैसा आहे, टोळी आहे. त्या माणसाला सात वर्षं झाली तर मला वाईट वाटणार नाही. पण भामरागडच्या बांधीवरची पिढीजात भरमार आणि बल्लारपुरातला कट्टा यांना एकाच तराजूत तोललं, तर तो न्याय होत नाही. कायद्याचे शब्द हा फरक करत नाहीत. तो करायचा अधिकार त्यांनी एका पदाला दिला आहे, आणि ते पद आज आपल्याकडे आहे.

गडचिरोलीत या प्रश्नाला आणखी एक थर आहे. १९८० पासून, म्हणजे जिल्हा १९८२ साली वेगळा होण्याच्या आधीपासून, इथे माओवाद्यांची चळवळ होती. त्यांनी गावातल्या पोरांना मिलिशियात ओढलं, त्यांच्या हातात भरमार दिली, कुणाच्या घरातली भरमार दटावून नेली. चकमकीनंतर जप्तीची यादी निघाली की एके-४७, इन्सास, एसएलआर यांच्या खाली भरमार असायची. त्यामुळे झोपडीत सापडलेली प्रत्येक भरमार संशयाची झाली. ती डुकरासाठी होती की माओवाद्यांच्या दलमसाठी, हे ठरवायला पंचनाम्यात रकाना नसतो. ज्या माणसाला दोन्हीकडच्या बंदुकांच्या मध्ये चाळीस वर्षं काढावी लागली, त्याने ती लपवली तर मला त्यात गुन्हेगारी वृत्ती दिसत नाही, भीती दिसते.

आता काळ बदलला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. ६१ माणसं, ५४ शस्त्रं. राज्याच्या आत्मसमर्पण योजनेत अशा माणसांना रोख मदत मिळते, घर मिळतं, नव्या आयुष्याची वाट मिळते. हे योग्यच आहे. रक्तपात थांबवायचा तर परतीचा रस्ता मोकळा ठेवावाच लागतो, आणि त्यासाठी पोलिसांनी फार मोठी किंमत मोजली आहे. २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले, २०१९ मध्ये जांभुळखेड्याला १५ जवान गेले. त्यांच्या घरच्यांना कुणी विसरू नये. पण मग एक गोष्ट मनाला टोचत राहते. ज्याने हातात स्वयंचलित रायफल घेतली त्याच्यासाठी लेखी योजना आहे, शासन निर्णय आहे, मदतीचे टप्पे ठरलेले आहेत. ज्याने कधी कुणावर बंदूक रोखली नाही, फक्त आजाची भरमार छपराखाली ठेवली, त्याच्यासाठी लिहून दिलेलं काय आहे?

गेल्या काही वर्षांत गडचिरोली पोलिसांनी जनजागरण मेळावे घेतले, ‘दादालोरा खिडकी’ या आपल्या उपक्रमातून दाखले आणि योजना दुर्गम गावांपर्यंत नेल्या. त्या विश्वासावर गावकऱ्यांनी भरमार बंदुका आणून दिल्या. हे काम मनापासून कौतुक करावं असं आहे. मात्र मेळाव्यात दिलेला शब्द त्या अधिकाऱ्याचा असतो, आणि अधिकाऱ्याची बदली होते. गावकऱ्याच्या हातात कागद राहत नाही. पुढे पोलीस मदत केंद्रात नवा अधिकारी आला, शेजाऱ्याशी जमिनीचं भांडण झालं, कुणी जुनी गोष्ट उकरून काढली, तर तो काय दाखवणार?

म्हणून आपण दोघांनी मिळून एक लेखी आदेश काढावा. ठरावीक मुदतीत, समजा सहा महिन्यांत, जो स्वतःहून भरमार जमा करील आणि ज्याच्या भरमारचा दुसऱ्या कोणत्याही गुन्ह्याशी संबंध नसेल, त्याच्याविरुद्ध कलम ३ खालच्या खटल्याला मंजुरी दिली जाणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहा. प्रत्येक प्रकरणात मंजुरीचा निर्णय स्वतंत्र विचार करूनच घ्यावा लागतो, हे मला कळतं. पण कोणत्या कसोट्यांवर तो विचार होईल हे आधी जाहीर करायला कायदा आडवा येत नाही. बंदूक देणाऱ्याला सही-शिक्क्याची पावती मिळावी, तीत तारीख आणि बंदुकीचं वर्णन असावं, आणि पावतीची एक प्रत आपल्या कार्यालयात राहावी. लोहाराचा आणि कलम ५ चा प्रश्न आपल्या एकट्याच्या हातात नाही. त्यासाठी आपण गृहविभागामार्फत केंद्राकडे शिफारस करावी. लोकहितासाठी एखाद्या भागाला किंवा माणसांच्या एखाद्या वर्गाला या कायद्याच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला कलम ४१ ने दिलेला आहे. आम्हाला ती कायमची नको आहे. जमा करण्याच्या मुदतीपुरती, आणि फक्त ठासणीच्या जुन्या बंदुकीपुरती हवी आहे.

ग्रामसभांना यात जरूर घ्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभा काय करू शकते ते देशाला दाखवलं. भरमार जमा करण्याचा ठराव गावाने केला तर एकट्या माणसाची भीती अर्धी होते. फक्त कुणाकडे बंदूक आहे याची यादी चावडीवर वाचायला लावू नका. तशी यादी चुकीच्या हाती गेली की काय होतं, हे या जिल्ह्याने भोगलं आहे.

आता पिकाकडे येतो, कारण तिथे उत्तर नसेल तर बाकी सगळं फोल आहे.

भरमार गेली म्हणून रानडुक्कर यायचं थांबत नाही. २०२१ पासून तर ओडिशाकडून छत्तीसगडमार्गे आलेले हत्तीही धानात उतरतात. त्यांच्यासाठी बंदूक हा उपाय कधीच नव्हता आणि नसावा, वाघासाठीही नाही. पण डुकराचं काय? बंदूक नसलेला आणि वैतागलेला शेतकरी कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. त्या तारेने वाघ मेले, आणि माणसंही मेली, कधी शेजारी, कधी स्वतः शेताचा मालक. बंदुकीचा निदान आवाज होतो. तारेचा होत नाही, आणि ती समोर कोण आहे ते पाहत नाही. शस्त्रं जमा केल्याचा आकडा वाढला आणि करंटच्या तारा वाढल्या, तर आपण काय मिळवलं?

स्वतंत्र भारताच्या संसदेने इंग्रजांचा १८७८ चा शस्त्र कायदा रद्द करून १९५९ चा आणला, तेव्हा तिला शेतकरी आठवला होता. कलम १३ मध्ये लिहिलं आहे की प्रामाणिकपणे पीक राखण्यासाठी कुणी नागरिक ठासणीची बंदूक मागत असेल, तर परवाना द्यावा. ती पुरेशी नाही अशी खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. ज्या प्रकारची बंदूक ठेवल्याबद्दल माणूस तुरुंगात जातो, त्याच प्रकारच्या बंदुकीचा परवाना त्याला मिळावा असं हाच कायदा सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ११ उभ्या पिकाला धोका करणाऱ्या प्राण्याबाबत परवानगी देण्याची वाट ठेवतं, आणि राज्य शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही यांच्या बाबतीत ती परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर आणली. पण गावात परवान्याची बंदूकच नसेल तर त्या परवानगीने डुक्कर हलत नाही.

आणि परवाना का मिळत नाही, तर त्याच वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ मुळे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. ताडोबा-अंधारी, घोडाझरी, कन्हाळगाव, चपराळा, भामरागड, प्राणहिता, प्रत्येकाभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढून नकाशा पाहा. ज्या गावांना पिकाचा त्रास सर्वांत जास्त, तीच गावं त्यात येतात. संमती नागपूरहून यायची. अर्ज भरायचा तर जन्मतारखेचा पुरावा, पोलिसांचा अहवाल, प्रशिक्षणाचा दाखला. माडिया आदिवासी शेतकऱ्याने हे कसं करावं? कलम ३४ काढून टाका असं मी म्हणत नाही, जंगलाला त्याची गरज आहे. मी एवढंच म्हणतो की अर्ज तालुक्याच्या गावी शिबिरात घ्या, वनविभागाचा माणूस तिथेच बसवा, आणि होकार असो वा नकार, तो ठरलेल्या मुदतीत कारणांसह द्या. प्रत्येक घराला बंदूक लागत नाही. चार-पाच गावांत मिळून एक-दोन प्रशिक्षित परवानाधारक असले आणि ते वनविभागाच्या परवानगीने काम करत असले तर पुष्कळ आहे. बाकीच्यांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतलं सौर कुंपण आधी द्या. ज्या गावाने भरमार जमा केल्या, ते गाव त्या यादीत वर असलं पाहिजे.

कुणी म्हणेल, कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडव समाजाला परवान्यातून सूट आहे, मग माडियांना का नको? ती सूट इंग्रजांच्या काळापासून आहे, केंद्राने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. कलम ४१ वापरता येतं याचा तो पुरावा म्हणून मी तिच्याकडे बोट दाखवतो. इथे तशीच सूट मात्र मी मागणार नाही. या जंगलात चाळीस वर्षं बंदुकीचंच राज्य होतं. अजून बंदुका नकोत. शस्त्र बाळगणं हा आपल्या देशात मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा बजावलं, ते बरंच झालं. अमेरिकेत स्वतःपुरती बंदूक घरी बनवायला केंद्रीय कायद्याची मनाई नाही, आणि क्रमांक नसलेल्या बंदुकांचे सुटे संच विकण्यावर साधं बंधन घालायचं तर प्रकरण मार्च २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिटलं. जपानसारख्या कडक कायद्याच्या देशात ८ जुलै २०२२ ला माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा जीव घरी बनवलेल्या बंदुकीनेच गेला. बेहिशेबी बंदुकीचं भय खरं आहे. ते खरं आहे म्हणूनच, तिला घराबाहेर काढणारा उपाय भीतीवर उभा राहू नये.

ज्यांच्या घरात भरमार आहे त्यांनाही मी या पत्रातून सांगतो. ती दुरुस्त करायला नेऊ नका, कुणाला विकू नका, कुणाला देऊ नका. त्याने गुन्हा लहान होत नाही, सात वर्षांचा होतो. अनुसूचित जमातीच्या माणसाला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, वकील सोबत घ्या, मग ठाण्यात जा आणि पावती घेतल्याशिवाय परतू नका.

महोदय, आदेशाचा मसुदा एका पानात मावेल. तो मराठीत काढा, माडिया, गोंडी आणि तेलुगूत आठवडी बाजारात वाचून दाखवा, प्रत्येक पोलीस मदत केंद्राच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. या हंगामातला धान निसवायच्या आत तो निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
गडचिरोली-चंद्रपूरच्या न्यायालयांत वकिली करणारा एक नागरिक